एका उपकाराची फेड

मराठी वर्तमानपत्रांच्या भाषेंत एक इंग्रजी शब्द आतां इतका रुळला आहे कीं, त्याचें मूळ कोणी विचारीत नाहीं. एखाद्या तरुण पुढाऱ्यास निवडणुकीचें तिकीट मिळालें नाहीं, म्हणजे त्यास कोणी 'गॉडफादर' नव्हता असें छापून येतें. एखादी नटी पुढें आली, म्हणजे कोणी गॉडफादर नसतांना ती पुढें आली याचें कौतुक होतें. ख्रिस्ती धर्मांत बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाच्या धर्मशिक्षणाची हमी घेणारा जो धर्मपिता, त्याचें हें नांव. सिसिलींतून अमेरिकेंत गेलेल्या एका गुन्हेगार कुळाच्या कर्त्या पुरुषास तें एका कादंबरीकारानें दिलें, आणि एका बोलपटानें तें जगभर नेलें. आमच्याकडे येतां येतां त्यांतला धर्महि गळला आणि गुन्हाहि गळला. उरला तो नुसता वरदहस्त. आमच्या जालन्याच्या बाजारपेठेंत हा शब्द रोज कानीं पडतो, आणि तो उच्चारतांना कोणाच्या मुद्रेवर संकोच दिसत नाहीं. दिसलीच तर थोडी असूया दिसते, कीं आपल्याला असा कोणी भेटला नाहीं!

आम्हांसहि या शब्दाविषयीं पूर्वीं कांहीं वाटत नसे. तें वाटूं लागलें २०१९ सालच्या दिवाळीपासून, आणि त्यास कारण झाले आमचे वडील.

हा बोलपट आम्हीं प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेंत, तेव्हांच्या औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास. इंग्रजी बोलपट त्या काळीं सकाळच्या खेळास लागत. तिकीट स्वस्त असे, आणि त्यानें इंग्रजी सुधारतें असें घरीं पत्रांत लिहितां येई. आमचें इंग्रजी त्या दिवशीं कितपत सुधारलें तें न सांगणेंच बरें. कारण मार्लन ब्रँडोचा डॉन गालांत घांस धरल्यासारखा पुटपुटतो, आणि त्याचीं निम्मीं वाक्यें आमच्या डोक्यावरून गेलीं. परंतु खेळ सुटून भर दुपारच्या उन्हांत बाहेर आलों, तेव्हां वसतिगृहापर्यंतची वाट केव्हां सरली तें कळलें नाहीं. त्यानंतर हें चित्र आम्हीं किती वेळां पाहिलें असेल, तें मोजलेलें नाहीं. कांहीं लोक ज्ञानेश्वरीचें पारायण करतात, आम्ही याचें करीत असूं; तुलना अनुचित आहे हें आम्हांस कळतें, पण खरें तें लिहिलें पाहिजे.

कथा मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीची. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनीं तीवरून १९७२ त पहिला बोलपट काढला, १९७४ त दुसरा, आणि मग सोळा वर्षें थांबून १९९० त तिसरा. पहिल्या दोहोंसहि सर्वोत्कृष्ट चित्राचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. एखाद्या चित्राच्या उत्तरभागास तें मिळण्याची ती पहिलीच वेळ. व्हिटो कॉर्लिओन या एकाच पात्रासाठीं ब्रँडो आणि रॉबर्ट डी नीरो या दोन नटांस दोन पारितोषिकें मिळालीं, त्यांपैकीं ब्रँडोनें आपलें नाकारलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तितकें ठाऊक नसलेली एक गंमत अशी कीं, पहिल्या चित्रांत 'माफिया' हा शब्द एकदांहि येत नाहीं. आमच्या समाजाची बदनामी होते, असा अमेरिकेंतील इटालियनांच्या एका संघटनेनें गिल्ला केला, म्हणून तो गाळण्यांत आला; आणि त्या संघटनेचा प्रवर्तक जोसेफ कोलंबो हा स्वतःच न्यूयॉर्कच्या अशा एका टोळीचा नायक होता!

त्या दिवाळींत आमचा मुलगा पुण्याहून आला, तो हे तीनहि भाग बरोबर घेऊन. तीन रात्रीं तीन भाग, जेवणें लवकर उरकून, सर्वांनीं मिळून पाहावयाचे, असा त्याचा बेत. सर्वांनीं म्हणजे आम्ही उभयतां, तो, आणि आमचे आईवडील. वडील तेव्हां ८२ वर्षांचे होते. त्यांचा जन्म निजामी अमदानींतला, प्रारंभीचें शिक्षण उर्दूंतून. पुढें गोदाकांठच्या एका गांवीं त्यांनीं सारा जन्म प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. त्यांस इंग्रजी अक्षरओळख होती, संभाषण समजत नसे. आईला तर तेवढेंहि नाहीं. मुलानें शेजारीं बसून अर्थ सांगावयाचा, असें ठरलें. पहिल्या अर्ध्या तासांतच आमच्या लक्षांत आलें कीं, अर्थ सांगण्याची गरज आम्हांसच जास्त आहे.

चित्र आरंभीं काळोखाचें. त्या काळोखांत एका मनुष्याचा आवाज, मग त्याचा चेहरा, आणि मग कॅमेरा इतक्या सावकाश मागें सरकतो कीं, समोर कोणी बसलें आहे हें आपणांस उशिरां कळतें. हा बोनासेरा. प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था लावणें हा त्याचा धंदा. त्याच्या मुलीला दोन तरुणांनीं मारून विद्रूप केलें. तो कायद्याच्या दारीं गेला. न्यायाधीशानें शिक्षा सांगितली आणि त्याच श्वासांत तहकूबहि केली. बाहेर अंगणांत डॉनच्या मुलीच्या लग्नाचा थाट, गाणीं, नाच, ऊन. आंत ही अंधारी खोली. लेकीच्या लग्नाच्या दिवशीं याचकाला विन्मुख पाठवूं नये, हा सिसिलीचा रिवाज म्हणून सांगितला जातो. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यानें प्रकाश वरून असा सोडला आहे कीं, ब्रँडोच्या डोळ्यांच्या जागीं बहुतेक सावल्याच दिसतात. त्या वेळच्या चित्रपटधंद्याला ही मोठीच आगळीक वाटली होती. नटाचे डोळे दिसावयाचे नाहींत तर पैसे कशाचे! पण ज्याच्याकडे आपण दाद मागावयास आलों त्याच्या मनांत काय आहे हें दिसूं नये, हीच तर त्या खोलीची भीति.

डॉन रागावत नाहीं. मांडीवरील मांजर कुरवाळीत तो एवढाच रुसवा धरतो कीं, इतकीं वर्षें तूं मला आपल्या घरीं कधीं कॉफीलासुद्धां बोलावलें नाहींस, माझें मित्रत्व तुला नको होतें. आणि आज येतोस तो पैसे पुढें करतोस. शेवटीं बोनासेरा त्याच्या हाताचें चुंबन घेतो. काम होईल असें आश्वासन मिळतें, आणि एक दिवस, कदाचित् तो दिवस उगवणारहि नाहीं, मी तुझ्याकडे एक काम सांगेन, असें डॉन म्हणतो.

मुलानें हें सर्व मराठींत सांगितलें. वडील तक्क्याला टेकून बसले होते ते सरळ झाले, आणि त्यांनीं विचारलें, "पुढें काय मागतो हा त्याला?"

"कळेल पुढें, आजोबा," मुलगा म्हणाला.

येथें आम्हांस थोडें मागें गेलें पाहिजे. न्यूयॉर्कांत हा बोलपट लागला तें १९७२ साल आमच्या भागांत निराळ्या कारणानें लक्षांत आहे. त्या सालच्या दुष्काळांत लोक खडी फोडावयास जात, मजुरीबरोबर सुकडी मिळे, आणि परदेशची तांबडी मिलो ज्वारी दळून खावी लागे. जालना तेव्हां स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता. तो झाला १९८१ च्या महाराष्ट्रदिनीं. आमचें शेत अंबड तालुक्यांत, आणि विहीर भाऊबंदांत सामाईक. आमच्या एका चुलत्यांनीं त्या वर्षीं आमची पाण्याची पाळी अडविली. वडिलांनीं आधीं पंचांचे पाय धरले, मग कचेरींत अर्ज दिले, मग वकिलाच्या पायऱ्या झिजविल्या. तारखा पडत गेल्या आणि पीक वाळत गेलें. शेवटीं कोणीतरी म्हणालें, "गुरुजी, वाड्यावर जा."

वाडा म्हणजे कोणाचा, तें लिहिण्याचें कारण नाहीं. जहागिऱ्या १९४९ त कायद्यानें संपल्या, पण सदरेवरचें जाजम कोणी गुंडाळलें नव्हतें. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों, आणि वडिलांचें बोट धरून गेल्याचें आम्हांस आठवतें. बाहेर उन्हाचा रखरखाट, सदरेवर थंडगार अंधार, पानाचा वास. वाड्याच्या धन्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि हंसून म्हटलें, "गुरुजी, इतकीं वर्षें गांवांत आहां, इकडे कधीं वाट वांकडी केली नाहींत ती!" आठ दिवसांत पाण्याची पाळी मोकळी झाली. चुलते पुढें दोन महिने उजवा हात गळ्यांत बांधून हिंडत. पडलों, असें सांगत. आमच्या घरीं त्याविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. त्या वर्षीं आमच्या शेतांत ज्वारी झाली, एवढेंच आम्हीं लक्षांत ठेविलें.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें, आणि तरी तीस पस्तीस वर्षें हा बोलपट पाहतांना बोनासेराच्या जागीं आपले वडील आम्हांस कधीं दिसले नाहींत. आम्ही नेहमींच मायकेल होतों. धाकटा, शिकलेला, घरच्या उद्योगापासून दूर राहिलेला, आणि वेळ येतांच सर्वांहून कर्तबगार ठरणारा! प्रेक्षक तरुण असला म्हणजे तो कोणाच्या खुर्चींत जाऊन बसतो, हें दिग्दर्शकाला बरोबर ठाऊक असतें.

पहिल्या रात्रीं चित्र पुढें सरकत गेलें. मायकेल उपाहारगृहांत दोन खून करतो, सिसिलींत दडून राहतो, त्याची नवी नवरी मोटारींतल्या स्फोटानें मरते. आईला सर्वांत आवडला तो क्लेमेंझा, कारण तो इतक्या धामधुमींत मायकेलला वीस माणसांचें कालवण कसें करावें तें शिकवितो. "पुरुषमाणूस असून लसूण आधीं परततो," म्हणाली. या चित्रांत मोसंबीच्या जातीचीं संत्रीं दिसलीं कीं मागोमाग कोणीतरी मरतें, असें मुलानें आजीला मोठ्या कौतुकानें सांगितलें, त्यावर ती म्हणाली, "मग आपल्या जिल्ह्यांत कोणी उरलेंच नसतें!"

थोरला मुलगा सनी गोळ्यांनीं चाळण होऊन पडतो, आणि डॉन रात्रीं बोनासेराच्या दारीं येतो. उपकार फेडण्याचा दिवस उगवला. तो काय मागतो? माझ्या मुलाचें हें शरीर त्याच्या आईला पाहवेल असें कर, तुझें सारें कसब लाव, एवढेंच. ब्रँडो तेथें पांघरूण दूर करून मुलाकडे पाहतो तें पाहून आजवर आमचे डोळे प्रत्येक वेळीं भरून आले आहेत, त्या रात्रींहि आले. वडील मात्र कोरड्या आवाजांत म्हणाले:

"एवढेंच मागितलें?"

"एवढेंच."

"बरा होता बिचारा," असें म्हणून ते निजावयास गेले. पुढचा बाप्तिस्म्याचा प्रसंग, ज्यांत मायकेल देवळांत सैतानाचा त्याग करण्याची शपथ घेत असतो आणि त्याच घटकेस त्याचीं माणसें पांच ठिकाणीं पांच खून पाडीत असतात, तो त्यांनीं पाहिला नाहीं. शेवटचा प्रसंग आईनें पाहिला. नवऱ्यानें आपल्या मेहुण्याला मारविलें काय, असें के विचारते; मायकेल तिच्या डोळ्यांत पाहून नाहीं म्हणतो; मग आंत लोक त्याच्या हाताचें चुंबन घेऊं लागतात आणि तिच्या तोंडावर दार लागतें. आमचा मुलगा या दाराविषयीं बरेंच कांहीं बोलला. आईनें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "तिच्यासाठीं दार तरी लावावें लागलें. आम्ही सदरेकडे फिरकतच नव्हतों."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें आम्हांस विचारलें कीं, असल्या मनुष्याकडे लोक जातातच कशाला? पुस्तकी उत्तर आम्हांस येत होतें, तें दिलें. सिसिलींत सरंजामशाही १८१२ त कायद्यानें संपली, जमिनी सरदारांच्या हातून निसटूं लागल्या; पण त्यांचें रक्षण करील असें विश्वासाचें सरकार तेथें उभें राहिलें नाहीं. पालेर्मोच्या भोंवतीं लिंबांच्या बागा होत्या आणि लिंबांस परदेशीं मोठी मागणी होती. बाग म्हणजे वर्षानुवर्षांची गुंतवणूक, आणि चोर ती एका रात्रींत रिकामी करूं शकतो. पाण्याचा पाट कोणी फोडला तर झाडेंहि जातात. म्हणून बागेला राखणदार लागे, पाण्याच्या पाळ्या वांटणारा लागे, आणि हळू हळू हे राखणदारच बागाईतदारांचे धनी झाले. माफियाचें मूळ कांहीं अभ्यासकांस याच बागांत दिसतें. ती संस्था संरक्षण विकते, आणि तें विकलें जावें म्हणून भीतीचा पुरवठाहि तीच करते.

हें सांगतांना आम्ही ओसरींत मोसंबीं सोलीत बसलों होतों. आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, आणि ज्यांनीं २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला त्यांस बागाईतदाराची भीति समजावून सांगावी लागत नाहीं. टँकरच्या पाण्यावर झाडें जगविलेलीं आणि शेवटीं कुऱ्हाड लावलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. वडील जवळच आरामखुर्चींत होते. पाण्याच्या पाळ्यांचा विषय निघतांच त्यांनीं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें.

मुलाला इतिहासापेक्षां चित्रपटांत गोडी. त्यानें विषय आपल्याकडील अवतारांवर नेला, आणि त्यांची संख्या लहान नाहीं. फिरोज खान यांचा 'धर्मात्मा' १९७५ चा. त्यांत नांव तेवढें समर्पक आहे. मणिरत्नम् यांचा तमिळ 'नायकन' १९८७ चा, मुंबईच्या वरदराजन मुदलियारच्या चरित्राचा आधार घेतलेला. हा खरोखर थोर बोलपट, आणि त्यावरून निघालेला पुढल्या वर्षींचा हिंदी 'दयावान' मात्र तितका नव्हे. आणि मग रामगोपाल वर्मांचा २००५ चा 'सरकार', ज्यांत हें घराणें थेट मराठी झालें: सुभाष नागरे, त्यांची पत्नी पुष्पा, उद्दाम विष्णु आणि परदेशांत शिकून आलेला शंकर. आपण 'गॉडफादर'चे किती ऋणी आहों, हें दिग्दर्शकानें आरंभींच पडद्यावर कबूल केलें आहे. आम्हांस तो बोलपट आवडतो. अमिताभ बच्चन यांचें त्यांतील मौन मोलाचें आहे. घरांतील माणसें एकमेकांशीं जी थोडकी मराठी बोलतात तिनें घर घरासारखें वाटतें. पण एक शल्य राहतें. कॉर्लिओन कुळ जुगारावर, दारूवर, कामगारसंघांवर जगतें, हें कपोला लपवीत नाहीं. नागरे कुटुंबाचा चरितार्थ कशावर चालतो याची चौकशी 'सरकार' करीत नाहीं. तेथें लोक गाऱ्हाणें घेऊन येतात, न्याय मिळतो, आणि लोक जयजयकार करतात. त्याचे २००८ आणि २०१७ चे पुढील दोन भागहि या हिशोबाकडे फारसे वळले नाहींत.

पहिल्या 'गॉडफादर'चाहि हाच दोष आहे, असें आतां आमचें मत झालें आहे. जवळजवळ तीन तासांच्या त्या चित्रांत माणसें मरतात तीं बहुतेक त्याच धंद्यांतलीं. ज्याच्या दुकानावरून, ज्याच्या जमिनीवरून, ज्याच्या अंगावरून हा गाडा गेला असा साधा मनुष्य त्यांत जवळजवळ नाहीं. निरपराध म्हणून लक्षांत राहतो तो एक घोडा! आणि उपकाराची फेड म्हणून डॉन काय मागतो, तर मेलेल्या मुलाचा चेहरा नीट करून. अश्रूंनीं फिटणारें ऋण दाखविलें म्हणजे ऋणकोहि रडतो, धनकोहि रडतो, आणि प्रेक्षक तर रडतोच. ही कपोला-पुझो यांची कला आहे खरी. पण वडिलांच्या त्या "एवढेंच?" नंतर त्या दृश्यावर आमची पूर्वीची श्रद्धा राहिली नाहीं.

दुसऱ्या रात्रीं दुसरा भाग लागला. तीन तास वीस मिनिटांचें हें चित्र आम्ही तिघांत श्रेष्ठ मानतों. त्यांत बाप आणि मुलगा यांच्या कथा आळीपाळीनें चालतात. एकीकडे १९०१ त आईबापांवांचून अमेरिकेच्या बंदरांत उतरलेला मुका मुलगा व्हिटो, दुसरीकडे सर्व कांहीं मिळालेला आणि एकेक माणूस गमावीत चाललेला मायकेल. बाप घर बांधीत असतो त्याच वेळीं मुलगा तें रिकामें करीत असतो. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांची तांबूस पिवळी झांक आणि त्या तळ्याकांठच्या घराची थंड छाया, हा फरक कोणी न सांगतांहि आईच्या ध्यानांत आला. "हें घर मोठें आहे, पण चूल पेटलेली दिसत नाहीं," असें ती म्हणाली.

तरुण व्हिटोकडे एक विधवा येते. कुत्रा पाळला म्हणून घरमालक तिला घराबाहेर काढतो आहे. व्हिटो मालकाला रस्त्यांत गांठून नम्रपणें विनंति करतो. तो उर्मटपणें झिडकारतो. मग हा कोण आहे अशी चौकशी तो इतरत्र करतो आणि घाबरून धांवत येतो. भाडें वाढवितो म्हणणारा तो भाडें कमी करतो, आणखी कमी करतो, आणि जातांना दाराची कडी कांहीं केल्या त्याला उघडतां येत नाहीं! प्रसंग मोठा विनोदी आहे. मुलगा हंसला, आम्हीहि हंसलों.

वडिलांनीं खूण करून चित्र थांबवावयास सांगितलें.

"तिचें घर राहिलें?" त्यांनीं विचारलें.

"राहिलें."

बराच वेळ ते बोलले नाहींत. मग आमच्याकडे न पाहतां त्यांनीं जें सांगितलें, तें आम्हांस चाळीस वर्षें कळलें नव्हतें. १९७८ सालीं एके दिवशीं शाळा सुटतांना एक मनुष्य आला आणि म्हणाला, "गुरुजी, वाड्यावर आपली आठवण काढली आहे." काम किरकोळ होतें. तालुक्याच्या गांवीं जाऊन एका कागदावर साक्षीदार म्हणून सही करावयाची. गांवांतील एका विधवेची चार एकर जमीन होती. तिला कर्जाचा कागद म्हणून सांगितलें होतें. कागद होता तो खरेदीखताचा. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. अंगठा लावण्यापूर्वीं ती जमलेल्या चारपांच जणांकडे पाहून, गुरुजी ओळखीचे म्हणून, त्यांच्याकडे वळली आणि तिनें विचारलें, "गुरुजी, तुम्ही वाचला ना?"

"मी वाचला होता," वडील म्हणाले. "मी म्हटलें, वाचला. तेवढेंच म्हटलें. खोटें कांहीं बोललों नाहीं."

खोलींत पडद्यावर तो घरमालक कडीवर हात ठेवून तसाच गोठून उभा होता. आईला हें पूर्वीं ठाऊक होतें कीं नाहीं, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मुलगा खालीं मान घालून बसला. आम्हांस कांहींतरी म्हणावयास हवें होतें. वडिलांनीं जन्मभर शेकडों मुलांना अक्षरें शिकविलीं हें म्हणतां आलें असतें. त्या काळीं वाड्यास नाहीं म्हणण्याची कोणाची छाती होती, हेंहि म्हणतां आलें असतें, आणि तें खोटें नव्हतें. त्या ज्वारीवर आम्ही मोठे झालों, तेव्हां त्या सहींत आमचाहि घांस होता, हें तर म्हणावयासच हवें होतें. आम्हीं म्हटलें तें इतकेंच, "थंडी पडली आहे, आतां निजा."

ते निजले नाहींत. "पुढचें लाव," म्हणाले. आणि त्यांनीं तें चित्र शेवटपर्यंत पाहिलें. फ्रेडोला त्याच्या सख्ख्या भावाच्या हुकुमानें तळ्यांत होडीवर गोळी घातली जाते तें, आणि शेवटीं मायकेल गळून पडलेल्या पानांत खुर्ची टाकून एकटा बसलेला असतो तें. अर्थ सांगावयास कोणी बोलत नव्हतें आणि त्यांनीं विचारलाहि नाहीं. तिसऱ्या रात्रीं मुलानें संच लावलाच नाहीं.

त्यानंतर दोन वर्षांनीं वडील गेले. तिसरा भाग आम्हीं पुढें एकट्यानेंच पुन्हां पाहिला. त्याला लोक सामान्य म्हणतात, आणि कपोलानेंहि २०२० त तो निराळ्या नांवानें नव्यानें जुळवून दाखविला. तरीहि त्याचा बराचसा भाग आम्हांस सोडून देण्याजोगाच वाटतो. परंतु त्यांत एक प्रसंग आहे. म्हातारा, मधुमेहानें जर्जर झालेला मायकेल एका कार्डिनलपुढें येतो. तो वृद्ध धर्मगुरु कारंज्यांतला एक गोटा उचलून फोडून दाखवितो. इतकीं वर्षें पाण्यांत राहून आंतून तो कोरडा. आमच्या गोदावरीच्या पात्रांत असे गोटे हवे तितके सांपडतात. मग मायकेल आपलें पाप बोलूं लागतो. आधीं लहान सहान सांगतो, आणि शेवटीं भावाचें सांगतांना त्याला रडूं आवरत नाहीं. कार्डिनल त्यास क्षमेचीं वाक्यें म्हणतो. पण तूं बदलणार नाहींस, हेंहि सांगतो. आम्हीं तो प्रसंग तीन वेळां मागें नेऊन पाहिला. आमच्या घरीं त्या रात्रीं कार्डिनल नव्हता. आम्ही होतों, आणि आम्हीं थंडी पडल्याचें सांगितलें.

ती बाई केव्हांच वारली. तिचा मुलगा जमीन गेल्यावर गांव सोडून जालन्यास आला, आणि येथील एका लोखंडाच्या कारखान्यांत त्याची उमर गेली. तो आमच्या वडिलांच्याच शाळेंत शिकला होता. बाजारांत भेटला म्हणजे सायकलवरून उतरतो, वडील होते तोंवर त्यांच्या प्रकृतीची चौकशी करी, आणि त्यांच्या तेराव्याला तो न बोलावतां येऊन पंगतींत वाढीत होता. गुरुजींनीं शिकविलें म्हणून चार अक्षरें वाचतां येतात, असें तो त्या दिवशीं आमच्या आईजवळ म्हणाला. आईनें त्याला बसवून घेतलें आणि जेवूं घातलें. त्याला सांगावें कीं नाहीं, याचा आमच्या घरीं अजून निर्णय झालेला नाहीं. गेल्या आठवड्यांत तो पुन्हां भेटला, आणि मुलाच्या नोकरीसाठीं कोणाची ओळख आहे काय, असें त्यानें आम्हांस विचारलें.